चौथ्या खांबाच्या पुढे

"निघा बाबा!" मुलीनं हात हलवला.

ड्रोन स्टुलावर होता, पंखे काढून ठेवलेला. रेंज टेस्टला पंखे लागत नाहीत, आणि चुकून फिरले तर बोटं जायची. मुलगी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. लाइनमननी रिमोट गळ्यात अडकवला, मुलीला फोन लावून इअरफोन एका कानात घातला आणि मैदानाच्या कडेच्या रस्त्यानं ते चालू लागले. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लोक त्यांना लाइनमनच म्हणत.

टेस्ट अगदी सोपी. रिमोटची ताकद मुद्दाम कमी करायची आणि ड्रोनपासून लांब चालत जायचं, सिग्नल तुटेपर्यंत. तुटायच्या जरा आधी रिमोट बोलून सावध करतो. इतरांच्या रिमोटमधून कुणी परकी बाई इंग्रजीत बोलते. लाइनमनच्या रिमोटमधून त्यांची बायको बोलायची.

तिला माइकपुढे त्यांनीच बसवलं होतं. "'सिग्नल कमी आहे' एवढंच म्हण."

"मी नाही बाई असलं बँकेतल्या मशीनसारखं बोलणार," ती म्हणाली होती, आणि खिडकीतून हाक मारावी तशी ओरडली होती, "अहो, लांब गेलात!"

तेच ठेवलं त्यांनी.

ती जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून ड्रोन एकदाही उडाला नव्हता, टेस्ट मात्र दर रविवारी व्हायची. शेजारचे मास्तर विचारायचे, "अहो, किती परीक्षा घेताय त्या बिचाऱ्याची? पास करा की एकदाचं!" लाइनमन हसून वेळ मारून न्यायचे. रस्त्याकडेच्या चौथ्या खांबापाशी सिग्नल चाळीस टक्क्यांच्या खाली जायचा आणि ती हाक मारायची. मग "आलो, आलो" म्हणत ते परत फिरायचे. रस्त्यावर कुणी असलं तर मनातल्या मनात.

हे मुलीला माहीत नव्हतं. तिला कधी तरी सुट्टीवर आल्यावर इतकंच दिसलं होतं, की बाबा चौथ्या खांबापर्यंत जातात आणि डोळे पुसत परत येतात. तिनं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. या खेपेला येताना ती लांब पल्ल्याचा नवा रेडिओ घेऊन आली, काल दिवसभर खपून तिनं तो रिमोटला आणि ड्रोनला बसवला, दोनदा बोट भाजून घेतलं.

"जुना कुठाय गं?" त्यांनी सकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

"तो डबडा? कचऱ्याच्या गाडीत गेला पण! बाबा, चार खांबांची कसली रेंज? मला आधी सांगायचं तरी."

त्यांनी दाराबाहेरच्या रिकाम्या कचरापेटीकडे पाहिलं. पण पोरीचा चेहरा इतका फुलला होता, की ते म्हणाले, "बरं केलंस."

चौथा खांब आला. लाइनमनचे पाय आपसूक थांबले. त्यांनी रिमोट कानाजवळ नेला.

"अठ्ठ्याण्णव टक्के!" फोनवर मुलगी म्हणाली. "थांबलात काय? चला ना पुढे."

ते पुढे निघाले. पाचवा, सहावा, सातवा. आठव्या खांबाखाली त्यांनी अँटेनाभोवती मूठ आवळली. सत्त्याण्णव. खांब संपले तसा त्यांनी छोटा पूल ओलांडला आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन सिमेंटच्या भिंतीला पाठ लावून खाली बसले. गुडघे दुखत होते. रिमोट त्यांनी पोटाशी धरला.

"एक्क्याण्णव. बाबा, दिसत नाही तुम्ही, तरी एक्क्याण्णव! आहे की नाही कमाल?"

"कमाल आहे खरी," लाइनमन म्हणाले.

रिमोटच्या मेनूत जाऊन इशाऱ्याचा आकडा चाळीसच्या जागी पंच्याण्णव केला असता, तर बायको तिथल्या तिथं बोलली असती. तिच्या आवाजाची फाइल कॉम्प्युटरवरही वाजवता आली असती. एकदा वाजवली होती त्यांनी, जेवणाच्या टेबलापाशी बसून. नुसता आवाज आला. घरात बसलेल्या माणसाला "लांब गेलात" म्हणून काय उपयोग? खरोखर लांब जावं लागे, तेव्हा कुठे ती त्यांनाच हाक मारतेय असं वाटायचं.

टाकीमागे बसून लाइनमन रडले. आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून तोंडावर बाही दाबून रडले. मग उठले, पँट झटकली आणि टाकीच्या पुढे, मोकळ्या माळाकडे चालायला लागले.

"बाबा, पुढे कुठे निघालात? तुमचा फोन नकाशावर दिसतोय मला. या ना आता परत, झाली की टेस्ट."

"अशी होत नसते. सिग्नल तुटेपर्यंत जायचं असतं."

"पण बाबा," मुलगी आनंदानं ओरडली, "तो तुटतच नाहीये!"