डबी ओळखेना

ओजसच्या कानामागची वायर हार्ड डिस्कच्या डबीला जोडून मेकॅनिक जमादार पडद्याकडे बघत होते. मृण्मयीचा जीव टांगणीला लागला होता. नवऱ्याला विस्मरणाचा आजार जडल्यापासून त्याच्या आठवणी रात्री या डबीत उतरवायच्या आणि सकाळी पुन्हा डोक्यात भरायच्या. सहा वर्षांत एकदा देवपूजा चुकली असेल, हे चुकलं नव्हतं.

"वहिनी, डोक्यातली सिस्टिम काल अपडेट झालीय. नवी सिस्टिम ही जुनी डबी ओळखत नाही," जमादार म्हणाले. "घाबरू नका, माझ्या जुन्या मशिनवर वाचून देतो. घरी तुम्ही काही केलं नाहीत ना?"

मृण्मयी चाचरत सांगू लागली. "डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का, असं सकाळी पडद्यावर विचारत होतं. आजवर जे विचारलं त्याला मी 'हो'च म्हणत आलेय. आजही म्हटलं."

जमादारांनी डबी जुन्या मशिनला लावून पाहिली. दोनदा पाहिली. डबी पूर्ण कोरी झाली होती. त्यांनी ओजसच्या कानामागची वायर हलक्या हाताने काढली.

मृण्मयी मटकन खाली बसली. ओजस लगबगीने उठला आणि आपली खुर्ची त्याने तिच्यापुढे सरकवली.

"इथे बसा, बाई," तो अदबीने म्हणाला. "तुमचं कोणी गेलंय का?"