पुढचं कडवं

टेमघरच्या सभागृहात प्रितेश आपल्या गेलेल्या तान्ह्या लेकीवरची कविता म्हणत होता. बापाचं बोट धरून तिनं प्राण सोडला, या ओळीला सगळे रडले. त्याची बायको विनिता तेवढी कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली. लेकीनं बोट धरलं होतं ते विनिताचं. प्रितेश तेव्हा फोन बंद करून अंबाडीच्या कविसंमेलनात बसला होता.

अंजूरला परतताना रिक्षात तो तिच्याजवळ सरकला.

"विनू, शेवटाला ती रडली होती का गं, का गपच पडली? पुढचं कडवं अडलंय."

विनिताला शिसारी आली.

"भाऊ, रिक्षा थांबवा."

"अगं, घर अजून लांब हाय!"

"तुझं हाय," म्हणत ती उतरली आणि माहेरच्या रस्त्याला लागली.