कढईतलं गाणं

"बूट काढ आधी," मा ऑर्तांस म्हणाली. "गाणं पायांतून वर चढतं. बूट घातलेस तर मोज्यातच अडकेल."

बायका खिदळल्या. थिओफिलनं निमूट बूट काढले आणि तांब्याच्या भल्याथोरल्या कढईत उतरला. आत वाळलेल्या कोकोच्या बिया. पायांनी घोळून त्या चकचकीत करायच्या आणि घोळताना गायचं, ही या डोंगरातली रीत. त्याची आईही दर हंगामात इथे यायची, त्याला शाळेसाठी कॅस्ट्रीज शहरात मावशीकडे ठेवून. तिथे तोंडातून गावची बोली निघाली, की पाठीत धपाटा.

"पाय काही आईचे नाहीत याचे," कढईतली फिलोमेन म्हणाली. "बापावर गेलाय. तोही असाच घसरला, थेट विलायतेला."

"आमचे नवरे तरी कुठे थांबले?" कुणीतरी म्हणालं. हसू जरा विरलं.

मग म्हातारीनं ताल धरला. पाय फिरू लागले.

पांढरी फुलं पडती वरून, आवाज नाही,
माझा माणूस चालला त्यातून, पाऊल बुडलं...

थिओफिलच्या अंगावर काटा आला. पांढरी फुलं म्हणजे कापूस. बुडणारं पाऊल बेडीतलं. गुलाम पूर्वजांचं हेच गाणं शोधत तो बेटभर वणवण करत होता.

"मा, किती जुनं आहे हे?"

"माझे दात होते तेव्हाचं."

"आलं कुठून?"

"बोटीतून."

पुढचं त्याला विचारवेना. गुलामांची जहाजं त्याच्या डोळ्यांपुढून सरकली. तो कढईबाहेर आला, पायरीवर बसला आणि बाहीनं डोळे पुसू लागला. मा ऑर्तांस वाटीत कोकोचा चहा घेऊन शेजारी टेकली.

"एवढं रडायला काय झालं रे?"

"स्वातंत्र्य मिळून चार वर्षं झाली, मा. झेंडा आपला झाला, माझी कविता अजून साहेबाचीच." त्यानं पिशवीतून पातळसं पुस्तक काढलं. "हे माझं पहिलं. शेवटची प्रत उरलीय. पहिलीच कविता बर्फावर. नऊ वर्षांचा होतो. जन्मात बर्फ पाहिला नव्हता, वाचनमालेतलं चित्र बघून लिहिली. लाज वाटते. आता सगळ्या कवितांचा एक ग्रंथ छापायला जायचाय. त्यात हे नको. आजपासून खरं काय ते तुमच्या गाण्यापासून सुरू."

तो उठला, चहाच्या चुलीपाशी गेला आणि त्यानं पुस्तक जाळावर धरलं. एक कोपरा काळवंडला.

मा ऑर्तांसनं काठीच्या टोकानं त्याचा हात बाजूला सारला. पुस्तक घेतलं, राख फुंकली आणि पदराला पुसावं तसं झग्याला पुसलं.

"हे तू आईला धाडलं होतंस. टपालाच्या बोटीनं. वाचता कुणाला येत होतं? तिनं शाळेतल्या बाईंना बोलावलं, याच कढईत उभी राहून ऐकलं. दुसऱ्या दिवशी बिया घोळताना आपणच गुणगुणायला लागली."

थिओफिलनं तिच्या हातून पुस्तक घेतलं आणि पहिलं पान उघडलं.

"बर्फ कुणी बघितला होता, बाळा? म्हणून फुलं घातली," म्हातारी म्हणाली. "आणि त्यातून चालणाऱ्या तुझ्या बापाच्या जागी आम्ही आपापला नवरा घातला."