खोली नंबर सातची भिंत

सात नंबरच्या उंबऱ्यावर पत्रावळीत दहीभात आंबला होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. वीणा खोचरे नाक दाबून तो ओलांडून आत गेली आणि तिने भिंतीला यंत्र लावलं.

"तेवढा आवाज पुसून टाका, मॅडम," चाळीचे सेक्रेटरी शेडबाळे बाहेरूनच म्हणाले. "लोखंडेबाईंना जाऊन वर्ष झालं, तरी रोज दुपारी कण्हणं ऐकू येतं. पोरं घाबरतात."

"भूत नाही ते. भिंतीत मुरलेला आवाज ऊन तापलं की बाहेर पडतो. पुसण्याआधी ऐकावा लागतो, नियम आहे."

यंत्राने खरखर गाळली. म्हातारा, कोरडा आवाज आला. "शेडबाळे भाऊजी, पडलेय हो मी. दार नुसतं लोटलंय. घोटभर पाणी द्या."

यंत्रावर तीन दिवसांच्या हाका होत्या. तिन्ही दिवस तेच मागणं होतं.

शेडबाळ्यांनी घसा खाकरला. "आम्हाला वाटलं, नेहमीची कटकट असेल. पण नंतर आम्ही कशात कमी केलं नाही हं. दर अमावास्येला दहीभात ठेवतो."

वीणाने यंत्र बंद केलं. तिने पुन्हा उंबऱ्याकडे पाहिलं. पत्रावळीशेजारी पाणी आजही नव्हतं.