मोर्चाचा स्पीकर

वसईत कुणाची हळद असो, गणपती असो की चर्चचा सण, स्पीकर आमच्या बस्त्यावचाच. त्यामुळे 'धार्मिक कार्यक्रम आहे' असा फोन आला तेव्हा धर्म कुठला, कार्यक्रम कसला, त्याने काही विचारलं नाही. टेम्पोवर स्पीकर चढवले आणि गेला.

कार्यक्रम म्हणजे मोर्चा होता. तो येऊन थांबला नेमका त्याच्याच चर्चसमोर, जिथे त्याच्या दोन्ही पोरींचा बाप्तिस्मा झाला. माइकवरचा माणूस सांगत होता, "या लोकांकडून भाजी घेऊ नका, पाव घेऊ नका. हाकलून द्या यांना गावातून!" बस्त्यावने हळूच आवाज कमी केला. लगेच मागून कुणीतरी ओरडलं, "ए, वाढव ना! ऐकू येत नाय इकडे!" टेम्पोला चारी बाजूंनी गर्दी होती. त्याने वाढवला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर जायलाच तयार होईना. मीच त्याला ओढत पोलीस ठाण्यात नेलं. म्हटलं, कायदा आहे की नाही?

"साहेब, आमच्याविरुद्ध द्वेष पसरवतायत. तक्रार घ्या," बस्त्याव म्हणाला.

"मोर्चा काढायचा हक्क आहे त्यांना," साहेब म्हणाले. "कोण काय बोललं, ते वर विचारायला लागेल. स्पीकर कोणाचा होता?"

"माझाच, साहेब."



संध्याकाळी गुन्हा दाखल झाला. आवाजाची मर्यादा ओलांडल्याचा, बस्त्याववर.