नऊचा भोंगा

लाखांदूरच्या एसटीत बसल्यापासून शकुनबाईंची नजर मोबाइलच्या घड्याळावर होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्या नवऱ्याला, टिकारामना, तुमसरच्या घरी एकटं ठेवून लेकीकडे निघाल्या होत्या. त्यांनी आपली किडनी टिकारामना दिली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "गोळी सकाळ-संध्याकाळ नऊच्या ठोक्याला. चुकली, तर शरीर या किडनीला परकी समजून तिच्यावर उठेल." "परकी कायची? माहीच आहे ना थे," त्या फणकारल्या होत्या. पण तेव्हापासून एकही गोळी त्यांनी चुकू दिली नव्हती. टिकाराम राईस मिलच्या बॉयलरवर होते, तेव्हा नऊचा भोंगा तेच वाजवायचे. तो ऐकला की घरी शकुनबाई निवांतपणे भाताचं आधण ठेवायच्या. माणूस कामावर सुखरूप पोचला, हे त्यांना तेवढ्यानं कळायचं. मिल बंद पडली, त्याला आता बारा वर्षं झाली. नऊ वाजले तरी गोळी घेतल्याचा टिकारामचा फोन आला नाही. त्या नंबर लावणार, तेवढ्यात फोनच वाजला. "गोळी घेतली का तुमी?" पलीकडून आधी पाण्याचा घोट गिळल्याचा आवाज आला, आणि मग म्हाताऱ्यानं तोंडानंच लांबलचक भोंगा वाजवला. तो साऱ्या एसटीला ऐकू गेला. पुढच्या सीटवरची बाई दचकून वळली. "काय झालं जी, मावशी?" फोन कानाशी तसाच धरून शकुनबाई म्हणाल्या, "काही नाही बाई. आमचे थे कामावर पोचले."