बारा जोड्या

"आज काठावर एकही मुलगी बसलेली दिसता कामा नये," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "शाळा बघायला पालक येतायत. सगळ्या पाण्यात."

पोहण्याच्या सरांनी बाकाकडे पाहिलं. तिथे पंचविसावी बसली होती. वर्गात चोवीस मुली, म्हणजे बारा जोड्या. भिंतीवरच्या फलकावर त्यांची नावं रंगाने लिहिलेली. ही सत्र निम्मं सरल्यावर आली, त्यामुळे ना फलकावर, ना कुठल्या जोडीत. सरांनीच तिचं नाव पंचविसावी पाडलं होतं आणि पोहणं कच्चं म्हणून तिच्या हाती स्टॉपवॉच दिलं होतं. सेकंद सांगण्यात ती चोख होती. विचारलं की चटकन उत्तर.

"मॅडम, तिला अजून खोल पाण्यात जमत नाही."

"मग उथळात राहील. एवढी नावाजलेली शाळा, आणि एक पोर टॉवेल राखत बसलीय, बरं दिसतं का?"

मॅडमच्या पुढे बोलायची शाळेत कुणाची टाप नव्हती. सरांनी तिच्याकडून स्टॉपवॉच घेतलं आणि जोडगोळीला हाक मारली. शिशुवर्गापासून एकमेकींना चिकटलेल्या त्या दोघी, एक उंच, एक बुटकी.

"आजच्या दिवस हिला तुमच्यात घ्या. आणि तू गं, ह्या दोघींना सोडायचं नाही. कळलं?"

"हो सर," पंचविसावी म्हणाली. कुणीतरी आपल्याला जोडीत घेतलं, ह्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. शाळेची पांढरी टोपी तिला अजून मिळाली नव्हती. तिने घरची निळी टोपी कानांवर ओढून घेतली.

"तीन तिघाडा, काम बिघाडा," उंच मुलगी पुटपुटली. बुटकी खुदकन हसली. त्यात दुष्टावा नव्हता, पोरी बोलतात तसंच होतं ते.

पालक आले. मुली तलावभर पांगल्या. जोडगोळी नेहमीसारखी सूर मारून खोल बाजूला गेली; आज उथळात थांबा, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हातपाय मारत पंचविसावी मागोमाग निघाली. सांगितलेलं ऐकणारी मुलगी होती ती, तेच नडलं. सर तेव्हा मॅडमच्या खुणेकडे डोळे लावून उभे होते.

"पहिल्या शिट्टीला प्रत्येक मुलगी आपली जोडीदारीण शोधते," मॅडम पालकांना सांगत होत्या. "एका हाताने कडेचा दांडा धरायचा, दुसऱ्या हातात जोडीदारणीचा हात, आणि तो वर. सर जोड्या मोजतात. दुसरी शिट्टी होईपर्यंत हात खाली येत नाहीत. आमच्याकडे शिस्त म्हणजे शिस्त."

खूण झाली. सरांनी शिट्टी मारली आणि स्टॉपवॉचचं बटण दाबलं. पाणी उसळलं. मुली कडेला भिडल्या, दोन-दोन हात वर आले. उंच आणि बुटकी तिरासारख्या दांड्यापाशी पोचल्या आणि चार वर्षांच्या सवयीने त्यांचे हात एकमेकींत गुंतले. तिसरीला द्यायला कुणाचाच हात रिकामा नव्हता. तसंही पंचविसावी कडेपर्यंत पोचलीच नाही. ती ओरडलीही नाही. बुडणारं माणूस ओरडत नाही, हे सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचे.

सरांनी बोट फिरवत मोजलं. "बारा!"

टाळ्या पडल्या. हिशेब चुकला नव्हता. पंचविसावी वर असो की तळाशी, जोड्या बाराच भरणार होत्या. मोजायची रीतच तशी होती.

"पाहिलंत? दहा सेकंदही लागले नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहून पुढचं सांगायला लागल्या. सोमवारी घोडेस्वारी, मंगळवारी व्हायोलिन, बुधवारी नाटक, शिवाय रोबोट बनवण्याचा वर्ग. एका वडिलांनी विचारलं, "मुलांना झेपतं का हो हे सगळं?"

"इथे आम्ही कुणाला मागे राहू देत नाही," मॅडम हसून म्हणाल्या. मुलींचे दंड भरून आले होते. सर शिट्टी ओठांत धरून खुणेची वाट पाहत होते.

मग वहीत नेमकी वेळ टिपावी म्हणून ते सवयीने बाकाकडे वळले.

"किती गं झाले?"

बाक रिकामा होता. स्टॉपवॉच त्यांच्याच मुठीत होतं आणि अजून चालू होतं. दोन मिनिटं, एकेचाळीस सेकंद.

सरांनी बुटांसकट उडी मारली. तळाच्या निळ्या फरश्यांवर ती निळी टोपी वरून कुणालाच दिसली नव्हती. त्यांनी तिला काठावर आडवं केलं आणि दोन्ही हातांनी तिची छाती दाबायला लागले. एक, दोन, तीन. ते मोठ्याने मोजत होते आणि मध्येच आकडा चुकून पुन्हा एकपासून सुरू करत होते.

"या, आपण संगीताची खोली बघू," मॅडम दोन्ही हात पसरून पालकांच्या आड उभ्या राहिल्या. कुणी हललं नाही. एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले.

पाण्यातला एकही हात खाली आला नव्हता. उंच मुलीने मान वळवून काठाकडे पाहिलं.

"आपल्यात होती ना ती?" ती म्हणाली आणि हात सोडवायला लागली. बुटकीने तो आणखी घट्ट धरला. ती रडत होती.

"खाली नको ना घेऊस. दुसरी शिट्टी नाही झाली अजून."